आण्णा, कॅथकिन आणि चार शेजाऱ्यांची स्पर्धा

आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, उजव्या हाताची करंगळी वाकडी आहे. शाहू स्टेडियमवर एका सेमीफायनलला फॉरवर्डच्या पायातून बॉल काढून घेताना ती मोडली. तालमीतल्या वस्तादांकडून त्यांनी पट्टी बांधून घेतली, पुढच्या आठवड्यात फायनलला परत गोलात उभे राहिले, आणि हाड तसंच वाकडं जुळलं. गेल्या मे महिन्यात ग्लासगोच्या दक्षिण भागातल्या एका झाडीत तो हात त्यांनी एका लोखंडी कठड्यावरून सावकाश फिरवला. कठडा कधीकाळी लाल रंगवलेला. रंगाचे पापुद्रे सुटलेले, सांध्यापाशी गंज आत शिरलेला. मागं मातीच्या भरावावर पायऱ्यांचा उतार आणि त्या पायऱ्या फोडून वर आलेली मोठाली झाडं. खाली मैदान मात्र हिरवंगार, गवत कापलेलं, गोलपोस्ट उभे.

"ह्ये असं सोडून दिलंय व्हय?" आण्णा म्हणाले.

या जागेचं नाव कॅथकिन पार्क. थर्ड लानार्क नावाचा जुना क्लब इथं खेळायचा. १९६७ साली तो बुडाला. मैदान राहिलं, प्रेक्षकांच्या पायऱ्या राहिल्या, प्रेक्षकांच्या जागी झाडं आली. तो क्लब इथं येण्याआधी, १८८४ ते १९०३, हेच मैदान 'हॅम्पडेन' होतं. हॅम्पडेन म्हणजे स्कॉटलंडचं राष्ट्रीय फुटबॉल मैदान. म्हणजे तिसऱ्या आणि आजच्या हॅम्पडेनच्या आधीचं दुसरं. पहिलं हॅम्पडेन इथून चालत जाण्याइतक्या अंतरावर. रेल्वेचा रूळ टाकायचा म्हणून ते सोडावं लागलं, आता तिथं बोलिंग क्लबाची हिरवळ आहे. तीन पिढ्यांची तीन हॅम्पडेन एकाच दुपारी पायी बघून होतात. आण्णांना मी मुद्दाम हेच दाखवायला आणलं होतं.

खाली पाच-सहा पोरं खेळत होती. त्यांचा बॉल उडून आमच्याकडं आला. आण्णांनी तो उचलला, मातीचा हात पँटला पुसला, आणि दोन्ही हात डोक्यामागं नेऊन सरळ त्या पोराच्या छातीवर थ्रो टाकला. बहात्तराव्या वर्षी. पोरानं अंगठा दाखवला.

त्या थ्रोबद्दल पुढं सांगते.

मी सिव्हिल इंजिनिअर आहे, पूल तपासायचं काम करते, ग्लासगोत आता नऊ वर्षं झाली. पण मूळची कोल्हापूरची, शिवाजी पेठेतली. त्यामुळं फुटबॉल मला शिकावा लागला नाही. आमच्याकडं हंगाम सुरू झाला की घराघरात दोनच विषय असायचे, जेवण आणि लाइनअप. आमच्या पेठेचा मंगळवार पेठेशी सामना असला की आई दुपारचा स्वयंपाक अकरालाच उरकायची. माझी सख्खी मावशी मंगळवार पेठेत दिलेली. त्या दिवशी तिच्याकडं फोन करायचा नाही असा घरातला अलिखित नियम होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच डबा घेऊन यायची, आणि आण्णांच्या ताटात मटण वाढता वाढता "दाजी, तिसरा गोल कसा वो सोडला?" म्हणून विचारायची.

शेजाऱ्याशी खेळणं म्हणजे काय, हे मला तिच्यामुळं कळलं. लांबच्या माणसाकडून हरलं तर वाईट वाटतं. शेजाऱ्याकडून हरलं तर दुसऱ्या दिवशी त्याच्याच दुकानातून दूध आणावं लागतं.

म्हणून ब्रिटिश होम चॅम्पियनशिपबद्दल पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ती अजिबात परकी वाटली नाही. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड (तोच संघ पुढं उत्तर आयर्लंड झाला). चार शेजारी, प्रत्येकानं प्रत्येकाशी दरसाल एकदा खेळायचं, जिंकला तर दोन गुण, बरोबरी तर एक. सुरुवात १८८३-८४ च्या हंगामात. देशादेशांमधली ही फुटबॉलची पहिली स्पर्धा. विश्वचषकाला अजून ४६ वर्षं होती आणि फिफाचा जन्म झाला नव्हता. वर्ल्ड कप सगळ्यांना माहीत आहे, या स्पर्धेचं नाव ग्लासगोतल्या तरुण पोरांनाही नीट सांगता येत नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं, आणि म्हणूनच हे लिहायला बसले आहे.

देशादेशांतला पहिला सामना स्पर्धेच्याही आधीचा, ३० नोव्हेंबर १८७२ चा. याच शहरात, पार्टिकच्या क्रिकेट मैदानावर, स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड, ०-०. स्कॉटलंडचे अकराच्या अकरा खेळाडू एकट्या क्वीन्स पार्क क्लबचे. म्हणजे एका तालमीची टीम देशाच्या नावानं उतरली, असंच म्हणा. पुढच्या दहा वर्षांत स्कॉटिश लोकांनी इंग्लंडला पासिंग दाखवलं. इंग्लंडचे खेळाडू बॉल पायात घेऊन एकटे धावत सुटायचे, हे एकमेकांना देत पुढं सरकायचे. १८८१ साली लंडनच्या ओव्हलवर स्कॉटलंडनं ६-१ असं हरवलं, तेव्हा त्यांचा कप्तान होता अँड्र्यू वॉटसन. दक्षिण अमेरिकेतल्या ब्रिटिश गयानात जन्मलेला कृष्णवर्णीय खेळाडू. पुढच्या वर्षी हॅम्पडेनवर ५-१. त्या ५-१ चं भलंमोठं चित्र बोलिंग क्लबाच्या भिंतीवर रंगवलेलं आहे. आण्णा त्या भिंतीसमोर बराच वेळ उभे राहिले.

आता नियमांचं. तेव्हा प्रत्येक देशाच्या संघटनेचे नियम थोडे थोडे वेगळे होते, आणि ज्याच्या घरी सामना त्याचे नियम चालायचे. थ्रोवरून, म्हणजे रेषेबाहेर गेलेला बॉल आत टाकण्यावरून भांडण, मैदानाच्या रेषांवरून भांडण, गोलच्या उंचीवरून भांडण. कारण दोन खांबांवर आडवा बार असलाच पाहिजे असं नव्हतं, कित्येक ठिकाणी नुसती फीत बांधलेली असायची.

हे वाचताना मला आमच्या गल्लीचं टोक आठवलं. दोन दगड मांडायचे आणि वरचा बार हवेत धरायचा. प्रत्येक उंच शॉटनंतर दहा मिनिटं नुसता कालवा. "वरनं गेला!" "आत होता की!" "तुझा गोली बुटका हाय म्हणून काय बार खाली येतोय व्हय?" जगातल्या चार मोठ्या फुटबॉल संघटनांचं दुखणं नेमकं तेच होतं.

६ डिसेंबर १८८२ ला चौघांचे प्रतिनिधी मँचेस्टरला जमले आणि एकच नियमावली ठरवली. बार सक्तीचा झाला. थ्रो दोन्ही हातांनी, डोक्यावरून. एकच नियम झाले म्हणून तर दरसालची स्पर्धा घेता आली. नियमांवर कायम नजर ठेवायला याच चौघांनी २ जून १८८६ ला लंडनमध्ये मंडळ बसवलं. ते मंडळ आजही आहे. फिफा त्यात १९१३ साली आली. आजही नियम बदलायचा तर तिथल्या आठपैकी सहा मतं लागतात. चार फिफाची, आणि उरलेली चार या चार शेजाऱ्यांची, प्रत्येकी एक. वेल्सचं एक मत. उत्तर आयर्लंडचं एक मत.

मी हे सांगितलं तेव्हा आण्णा चालता चालता थांबले. आपण जो थ्रो नुकताच त्या पोराकडं टाकला, जो थ्रो चाळीस वर्षं आपल्या तालमीच्या पोरांना शिकवला, दोन्ही पाय जमिनीवर ठेव, हात डोक्यामागनं आण, त्याची सुरुवात या लोकांच्या भांडणातून झाली आहे, हे त्यांना फार आवडलं. "म्हंजे भांडणाचा उपयोग झाला की," ते म्हणाले.

पहिल्या हंगामातला पहिला सामना बेलफास्टला, २६ जानेवारी १८८४, आयर्लंड विरुद्ध स्कॉटलंड. त्या तारखेला स्कॉटलंडवरून असं वादळ गेलं की क्रीफ गावाजवळच्या ऑक्टरटायरला हवेचा दाब ९२५.६ मिलीबारवर उतरला. एरवी तो हजाराच्या वर असतो. ब्रिटनमधला हा नीचांक आजपर्यंत मोडलेला नाही. आमच्या ऑफिसात वाऱ्याच्या भाराचा विषय निघाला की ही तारीख निघतेच, आणि मला दर वेळी तो सामना आठवतो. स्कॉटलंड ५-० नं जिंकलं.

आयर्लंडची त्या वर्षीची कहाणी वाचवत नाही. स्कॉटलंडकडून पाच गोल खाल्ले, वेल्सकडून रेक्सममध्ये सहा, इंग्लंडकडून घरच्या मैदानावर आठ. तीन सामन्यांत १९ गोल खाल्ले आणि केला एक. त्याच्या दोन वर्षं आधी, अगदी पहिल्याच आंतरराष्ट्रीय सामन्यात, इंग्लंडनं त्यांना १३-० नं तुडवलं होतं. इंग्लंडचा तो आजही सर्वांत मोठा विजय आहे. एवढं होऊनही आयर्लंड पुढच्या वर्षी आलं, त्याच्या पुढच्याही वर्षी आलं. हा आकडा, १९ विरुद्ध १, लक्षात ठेवा. शेवटी लागणार आहे.

निकालाचा सामना झाला ग्लासगोत, १५ मार्चला, इथून जवळच्या जुन्या कॅथकिन मैदानावर. इंग्लंडविरुद्ध एकच गोल, तो डॉ. जॉन स्मिथचा. महिनाअखेरीस स्कॉटलंडनं वेल्सलाही ४-१ नं हरवलं आणि तिन्ही सामने जिंकून पहिलं जेतेपद घेतलं. त्यांना द्यायला कप नव्हता. या स्पर्धेला कप मिळाला तो थेट १९३५ साली, राजा पाचव्या जॉर्जच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त. पन्नास वर्षं हे लोक नुसत्या नावासाठी खेळले.

मधल्या वर्षांबद्दल सगळं लिहीत बसत नाही. इब्रॉक्सबद्दल मात्र लिहिलंच पाहिजे.

५ एप्रिल १९०२, स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड, ग्लासगोतलं इब्रॉक्स पार्क. पश्चिमेकडचा, उभं राहून बघायचा स्टँड नवाच होता. लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या. आदल्या रात्री धो धो पाऊस झालेला. पहिल्या हाफमध्ये गर्दीच्या भारानं मागच्या बाजूच्या फळ्या मोडल्या आणि माणसं त्या भगदाडातून खाली पडली. २५ मेली, ५०० हून जास्त जखमी. सामना थांबवून परत सुरू केला गेला, कारण मैदानातले हजारो लोक एकदम बाहेर निघाले असते तर आणखी माणसं चेंगरली असती. १-१ बरोबरी झाली, ती पुढं रद्द धरली गेली. सामना बर्मिंगहॅमला परत झाला आणि त्याचं उत्पन्न मृतांच्या घरच्यांसाठी दिलं. तो स्टँड आर्किबाल्ड लीच या इंजिनिअरनं आखलेला होता. लाकडाच्या प्रतीवरून कोर्टात खटला झाला, लाकूड पुरवणारा निर्दोष सुटला. त्यानंतर असे उंच लाकडी स्टँड मागं पडले आणि मातीचे भक्कम भराव घालून त्यावर पायऱ्या आणि लोखंडी कठडे बसवायची पद्धत आली. लीचनंच पुढं तसले कठडे आखले.

आण्णा ज्यावर हात फिरवत होते, तो त्याच पद्धतीचा कठडा. गर्दीचा रेटा पुढच्या माणसाच्या पाठीवर न जाता लोखंडावर जावा, म्हणून तो तिथं असतो. मी रोज असल्याच गोष्टी तपासते. कुठला सांधा किती भार घेईल, कुठला बोल्ट ढिला झालाय. आणि कोल्हापुरात गच्च भरलेल्या गॅलरीत मी लहानपणी आण्णांच्या मित्राच्या खांद्यावर बसून मॅच बघितली आहे. हे सांगून झाल्यावर आम्ही दोघं थोडा वेळ पायरीवर बसलो. कुणी काही बोललं नाही.

मग आण्णांनी विचारलं, "वर्ल्ड कपला गेलं न्हाईत व्हय ह्ये?"

तर ती गोष्ट अशी. १९५० च्या ब्राझीलच्या वर्ल्ड कपसाठी या स्पर्धेतल्या पहिल्या दोघांना जागा राखलेल्या होत्या. स्कॉटलंडच्या संघटनेनं आधीच जाहीर केलं की आम्ही गेलो तर विजेते म्हणून जाऊ, दुसरे म्हणून जाणार नाही. १५ एप्रिल १९५०, हॅम्पडेन. इंग्लंडच्या रॉय बेंटलीनं एक गोल केला. स्कॉटलंडला नुसती बरोबरी पुरली असती. मग विली बॉल्डचा शॉट बारवर आदळला आणि परत मैदानात आला. मँचेस्टरला या चौघांनीच सक्तीचा केलेला तो बार. सामना ०-१. स्कॉटलंड दुसरं आलं, जागा पक्की होती, आणि दिलेला शब्द पाळून ते घरी बसले.

त्याच वर्ल्ड कपला भारताचीही जागा होती, आणि आपणही गेलो नाही. आपली कारणं वेगळी, त्यांची वेगळी. पण जुलै १९५० मध्ये कोल्हापुरात आणि ग्लासगोत दोन्हीकडं लोकांनी दुसऱ्यांच्याच मॅचच्या बातम्या वाचल्या. आण्णांचा जन्म त्यानंतर दोन वर्षांनी झाला. त्यांच्या अख्ख्या आयुष्यात भारत एकदाही वर्ल्ड कप खेळलेला नाही. स्कॉटलंडच्या त्या हट्टाबद्दल त्यांना राग येईल असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "शब्द दिला हुता न्हवं." तालमीत वाढलेला माणूस दुसरं काय म्हणणार.

या स्पर्धेतला माझा लाडका सामना १९२८ चा आहे. वेंबलीवर पाऊस पडत होता. स्कॉटलंडची पुढची फळी सगळी बुटकी, कुणी पाच फूट सात इंचांच्या वर नाही. इंग्लंडच्या धिप्पाड बचावातून ते ओल्या गवतावरनं बॉल फिरवत गेले आणि ५-१ नं जिंकले. अॅलेक्स जॅक्सनचे तीन, अॅलेक्स जेम्सचे दोन. 'वेंबलीचे जादूगार' म्हणून त्या अकरा जणांचं नाव आजही निघतं. पण त्या वर्षीची स्पर्धा जिंकली होती वेल्सनं! इंग्लंड आणि स्कॉटलंड तळाची जागा टाळायला खेळत होते. १९३७ चंही तसंच. हॅम्पडेनवर १,४९,४१५ माणसं जमली, स्कॉटलंडनं इंग्लंडला ३-१ नं हरवलं, आणि जेतेपद परत वेल्सचं. माझ्या मावशीला हे लगेच पटेल. लीग कोण जिंकतं ते जिंकू दे, शेजारच्या पेठेला हरवलं का ते सांग.

१९७७ ला स्कॉटलंड वेंबलीवर २-१ नं जिंकलं तेव्हा त्यांचे लोक मैदानात घुसले, गोलवर चढून बसले, आणि बार मोडला. गवताचे तुकडे उपटून ग्लासगोला नेले. हे मला मुळीच आवडत नाही. दुसऱ्याचं मैदान खणायचं नसतं.

आता समोरच्या दारातले आजोबा.

आमच्या इमारतीत जिन्याच्या दोन बाजूंना दोन दारं आहेत. एक आमचं, एक त्यांचं. मूळचे उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टचे, तरुणपणी गोव्हनच्या जहाजबांधणी कारखान्यात वेल्डर म्हणून आले ते इथलेच झाले. या स्पर्धेचं नाव मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकलं. आण्णांना इंग्रजी फारसं येत नाही, आणि आजोबांचं बेलफास्टी इंग्रजी मलाही पहिली दोन वर्षं कळत नव्हतं. पण कॅथकिनवरून आलो त्या संध्याकाळी मी चहा केला, कांदाभजी तळली, आणि दोघांना स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं. आण्णा बॉल अडवल्यासारखे हात करून "गोली" म्हणाले. आजोबांनी लगेच आपले दोन्ही तळवे पसरले, जितके पसरतील तितके, आणि म्हणाले, "पॅट जेनिंग्ज." उत्तर आयर्लंडचा गोली, पंजे फावड्यासारखे. आण्णांनी मान डोलावली. मला मध्ये पडायची गरजच राहिली नाही.

मग १९८४ चा विषय निघाला.

त्या वेळेपर्यंत स्पर्धा बंद करायचं ठरलं होतं. प्रेक्षक कमी झालेले, क्लबांचे सामने वाढलेले, मारामाऱ्यांची भीती. तीन वर्षं आधी, १९८१ ला, उत्तर आयर्लंडमध्ये तुरुंगातल्या उपोषणांमुळं वातावरण पेटलं होतं. इंग्लंड आणि वेल्सनं बेलफास्टला जायला नकार दिला आणि त्या वर्षीची स्पर्धा अर्धवटच राहिली. आजोबांना ते फार लागलं होतं. त्यांची आई बेलफास्टमध्ये होती. दर रविवारी फोनवर ती सांगायची की आम्ही रोज इथंच राहतोय, यांना एका दुपारपुरतं येता येत नाही?

तर १९८४, म्हणजे शंभरावं वर्ष आणि शेवटचं. उत्तर आयर्लंडचे तिन्ही सामने खेळून झालेले. स्कॉटलंडला २-० नं हरवलं, इंग्लंडकडून ०-१ नं हरले, वेल्सशी १-१. गुण तीन. वेल्सचेही तीन. शेवटचा सामना उरला होता हॅम्पडेनवर, २६ मेला, स्कॉटलंड आणि इंग्लंडमध्ये, दोघांचे दोन-दोन गुण. जो जिंकेल तो चार गुणांनी विजेता. बरोबरी झाली तर चौघांचे तीन-तीन गुण, आणि मग गोलफरकावर, म्हणजे केलेले गोल वजा खाल्लेले गोल, यावर निकाल.

आजोबा कारखान्यातल्या दोन स्कॉटिश मित्रांबरोबर हॅम्पडेनला गेले होते. भोवती सगळी स्कॉटिश गर्दी, सगळ्यांना विजय हवा होता. एकट्या या माणसाला बरोबरी हवी होती.

मार्क मॅक्घीनं हेडर मारून स्कॉटलंडचा गोल केला. मित्रांनी आजोबांना मिठ्या मारल्या, यांनीही मारल्या. मध्यंतराआधी टोनी वुडकॉकनं लांबून बरोबरी साधली. सगळा उतार गप्प झाला, आणि आजोबाही गप्प राहिले, फक्त कोटाच्या खिशात त्यांनी मूठ आवळली. मग दुसरा हाफ. पंचेचाळीस मिनिटं. इंग्लंडनं गॅरी लिनेकर नावाचा एक नवा पोरगा उतरवला, त्याचा देशासाठी पहिलाच सामना. आजोबा सांगत होते की त्या पोराच्या पायात बॉल गेला की छातीत धस्स व्हायचं, आणि स्कॉटलंड पुढं गेलं की तेवढंच धस्स व्हायचं. दोन्ही बाजूंचा प्रत्येक हल्ला त्यांच्याच गोलवर येत होता.

आण्णांनी हे ऐकून हातातलं भजं खाली ठेवलं. "पंचेचाळीस मिनटं दोन्ही गोलात ह्योच उभा हुता की गं," ते मला म्हणाले. मी ते आजोबांना इंग्रजीत सांगितलं. आजोबांनी आण्णांचा हात धरला.

शिट्टी झाली, १-१. आण्णांनी माझ्या वहीचं पान फाडून घेतलं आणि टेबल मांडायला लावलं. कोल्हापुरात ते दर हंगामाचं टेबल असंच मांडायचे, अजूनही मांडतात. चार नावं एकाखाली एक. गुणांच्या रकान्यात तीन, तीन, तीन, तीन. शेवटच्या रकान्यात गोलफरक. उत्तर आयर्लंड अधिक एक. वेल्स शून्य, इंग्लंड शून्य, वेल्सचा गोल एक जास्त म्हणून ते वर. स्कॉटलंड उणे एक. काही वर्षं आधीपर्यंत गोलफरक धरतच नव्हते, समान गुण झाले की जेतेपद वाटून घ्यायचे. त्या हिशोबानं शेवटच्या वर्षी चौघेही विजेते ठरले असते. पण आता नियम होता, आणि एका गोलानं उत्तर आयर्लंड पहिलं आलं.

आण्णा त्या पानाकडं बघत राहिले. मग पेन घेऊन वरच्या कोपऱ्यात त्यांनी १८८४ लिहिलं आणि त्याखाली १९-१. खाली १९८४. दोन्हींच्या मध्ये एक रेघ ओढली.

आजोबा त्या दिवशी हॅम्पडेनवरून घरी चालत आले. मित्र उदास होते म्हणून वाटेत काही बोलले नाहीत. घरी येऊन दार लावलं, बेलफास्टला फोन लावला, आणि मग पलीकडून आईचा आणि इकडून त्यांचा, दोघांचाही आवाज फुटेना.

त्यानंतर अधूनमधून कुणीतरी ही स्पर्धा परत सुरू करा म्हणतं. २०११ ला डब्लिनमध्ये स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंडचे दोन्ही संघ मिळून एक स्पर्धा झाली, ती तेवढीच. इंग्लंड-स्कॉटलंड सामना कधीमधी होतो. पण दरसाल, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या शेजाऱ्याकडं, हरलात तरी पुढच्या वर्षी परत, ते संपलं. ते परत यावं असं मला वाटतं, आणि हे मी इथं कुणाही फुटबॉलवाल्याला भेटले की सांगते.

आण्णांनी तो कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. उठताना त्यांनी आजोबांना एकच प्रश्न विचारला, तोही स्वतः, इंग्रजीत. "कप, व्हेअर?"

"बेलफास्ट," आजोबा म्हणाले. चाळीस वर्षं झाली. मागायला कुणी आलंच नाही.